तिसऱ्या कडव्याची दुरुस्ती

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्या लेकीचा कार्यक्रम ऐकून आले. ‘ऐकून’ हा शब्द सवयीनं लिहिला, खरं म्हणजे सोसून आले.

फोनच करणार होते, पण निवृत्त झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस. जन्मभर आवाजाचा पगार घेतला, आता फुकट बोलणार नाही, हे तुझं वाक्य सगळ्या नातेवाइकांना पाठ झालंय. म्हणून हा कागद.

कार्यक्रम होता सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत. भिंतीवर टायर टांगलेले, खाली ग्रीसचे डाग, आणि त्या डागांवर कला. दारात एका मुलीनं माझ्या मनगटावर शाईचा शिक्का मारला. कशाला, विचारलं तर म्हणाली, “आत-बाहेर करता यावं म्हणून.” तो शिक्का अजून निघत नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना माझं मनगट पुढे येतं, आणि लोक समोरचा तक्ता सोडून तेच वाचत बसतात.

वेळ पाचची दिली होती. पाचला मी आणि खोलीतला खांब, एवढेच हजर. मंडळी आरामात आली आणि उभीच राहिली. खुर्ची कुठे आहे विचारलं तर एका दाढीवाल्यानं असं बघितलं, जसं काही मी पोहण्याच्या तलावात उशी मागितली. शेवटी त्यालाच दया आली आणि त्यानं एक बादली उलटी करून दिली. सन्माननीय पाहुण्यांची सोय झाली.

मग ‘चेक, चेक’ सुरू झालं. माइक चालतो की नाही हे त्यांना बराच वेळ पटेना. मग गिटार लावणं. प्रत्येक गाण्यानंतर पुन्हा गिटार लावणं. निम्मा कार्यक्रम लावण्यात गेला. घरी अल्बम लावला की गिटार डाव्या कानात, ड्रम उजव्या कानात आणि मधोमध आपली पोरगी कशी स्वच्छ ऐकू येते. इथे सगळंच पोटात वाजतं. एक शब्द कळला तर शपथ. मला गाणी पाठ होती म्हणून मी वाचले. बाकीच्यांना मात्र डोळे मिटून सगळं कळत होतं.

आणि तरी सांगते, पोरगी उभी राहिली की बघत राहावंसं वाटतं. दादासारखीच एक खांदा पाडून उभी राहते. दादा गेल्यापासून असं उभं राहिलेलं कुणी बघितलं नव्हतं मी. फार बरं वाटलं गं.

तिनं तुझी चौकशी केली नाही. अल्बमवरून तुमचं वाजलं त्याला वर्ष होत आलं, आणि अजून तिच्या तोंडी एकच, आईनं माझं गाणं मारलं. तुझी बाजू एकदा कळव, म्हणजे मला दोन्हीकडून मार खायला बरं.

तुझी नणंद


१५ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. तुम्ही माझ्याहून लहान, तरी लग्न झाल्यापासून तुम्हाला अहो-जाहो करते. तो मान आहे असा तुमचा समज असेल तर तो तसाच राहू द्या.

बादलीवर बसून कलेचा आस्वाद घेतल्याबद्दल अभिनंदन. पुढच्या वेळी घमेलंही मागा, पाय ठेवायला होईल.

माझी बाजू विचारलीत. माझी बाजू सगळ्या बसस्थानकांवर लावलेली आहे, जाऊन ऐका. ‘फलाट क्रमांक चार’ म्हणताना ‘चा’ जरा लांबला की आम्ही पुन्हा घ्यायचो. मागे खुर्ची कुरकुरली, पुन्हा. तोंडात थुंकी चिकटल्याचा आवाज आला, पुन्हा. मला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माझं ऐकून कुणी चुकीच्या गाडीतही बसलं नाही. तुमच्या त्या दाढीवाल्याला सांगा, यालाही आवाजाचं कामच म्हणतात.

पोरीचा अल्बम आमच्याच रेकॉर्डिस्टनं केला, तोही माझ्या शब्दाखातर. त्यात ते शिळेचं गाणं आहे ना, हे जिन्यावरून शीळ घालत यायचे आणि आम्ही कडी काढायचो, ते, त्याच्या तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. दोन ओळी सुटल्या आणि वर गाण्यात नसलेला एक शब्द आला. मी रेकॉर्डिस्टला बाजूला घेऊन सांगितलं, आदल्या दिवशीचं कडवं चांगलं आलंय, ते इथे जोडा आणि हे पुसून टाका. त्यानं जोडलं. सांधा कुठे आहे, तुम्हाला सापडला? नाही ना? तो कुणालाच सापडणार नाही. फक्त आमच्या भोंग्याला, म्हणजे पोरीला, सापडला. अल्बम छापून घरी आला, ती ऐकायला बसली, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून तुमच्या गावाला चालती झाली.

मी एक चूक दुरुस्त केली. उपकार केले असं म्हणत नाही, पण फासावर चढवावं असंही काही केलं नाही.

आणि हे लाइव्ह लाइव्ह काय लावलंय सगळ्यांनी? लाइव्ह म्हणजे पुन्हा घ्यायची सोय नसलेलं रेकॉर्डिंग. गरिबी आहे ती, तिचं कौतुक कसलं?

पोरगी नीट जेवते का ते बघा. विचारू नका, बघा.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

बघितलं. नीट जेवते. माझ्या घरी येऊन जेवते, म्हणजे माझा डबाही जेवते.

काल दुसरा कार्यक्रम झाला. या वेळी एका लाँड्रीच्या तळघरात, आणि लाँड्री चालू. मागे दोन मशिनं कपडे पिळत होती. ड्रम वाजवणारी मुलगी मोठी हुशार, ती त्या मशिनांच्या ठेक्यावर वाजवत गेली. मग मशीन थांबलं आणि ही एकटीच पुढे गेली. लोकांनी टाळ्या दिल्या. नेमक्या कुणाला दिल्या कळलं नाही, मशीनला दिल्या असतील तर योग्य होतं.

शेजारच्या एका मुलानं मला अदबीनं विचारलं, “तुम्ही यांना आधीपासून ऐकता का?” मी म्हटलं, “जन्मल्यापासून. तेव्हा पट्टी याहून वरची होती.” त्यानं मान डोलावली. त्याला वाटलं मी पहिल्या अल्बमबद्दल बोलतेय.

आता जे सांगते ते हसण्यावारी नेऊ नकोस. शिळेचं गाणं झालं. तिसरं कडवं आलं आणि पोरगी तुटली. आवाज फाटला, ओळ सुटली, हात गिटारवर तसाच राहिला. सगळं तळघर गप्प. दर कार्यक्रमात असंच होतं म्हणतात. मला बघवलं नाही, मी खाली बुटांकडे बघत बसले. तू इथे असायला हवी होतीस. मी आत्या आहे, मी फार तर पाणी देऊ शकते.

तुझी नणंद


९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी जास्त संताप आला.

दर कार्यक्रमात तुटते म्हणजे काय? ओळीच्या सुरुवातीला तुटते की शेवटी? आधी श्वास घेते की नाही? वरच्या सुरावर फाटतो की खाली येताना? मी विचारतेय कारण रोज रडून गायलेला गळा टिकत नाही. आमच्याकडे एक बाई होत्या, बातम्या द्यायच्या, घरच्या कटकटींवर रडून यायच्या आणि तशाच माइकपुढे बसायच्या. शेवटी आवाज बसला तो बसलाच. त्या वाद्यवृंदात कुणाला एवढी अक्कल नाही? की रडणं हा त्यांच्या कार्यक्रमाचा भाग आहे? तिकिटावर तसं छापा म्हणावं, लोक रुमाल घेऊन येतील.

म्हणूनच मी ते कडवं काढलं. सुरासाठी नव्हे. सुरासाठी काढलं असं सगळ्यांना सांगितलं, कारण तेवढंच लोकांना पटतं. तिनं माइकपासून तोंड वळवून ‘बाबा’ अशी हाक मारली होती, वन्सं. जिन्यावरून मारायची तशी. ती हाक कुणीतरी भाजी चिरताना ऐकणार, कुणी गाडीत लावून हॉर्न वाजवत ऐकणार. मला ते नको होतं.

आता विषय निघालाच आहे तर ऐका, आणि ऐकून विसरून जा. ते पुसलेलं नाही. रेकॉर्डिस्टनं माझ्या सांगण्यावरून तिला पुसलं म्हणून सांगितलं. मूळ कडवं माझ्याकडे आहे, छोट्या प्लेअरवर, त्यात दुसरं काहीही नाही. मी ते ऐकते. केव्हा, किती, ते विचारायचं नाही.

तिला यातलं एक अक्षर सांगितलंत तर तुमच्या दुकानातून घेतलेला हा चष्मा पोस्टानं परत पाठवीन. तसाही तो नाकावरून घसरतो.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

चष्मा घसरत नाही, तू मान खाली घालून बसतेस.

तुझं पत्र आल्यापासून माझं पोट दुखतंय. माझ्या पोटात काही राहत नाही हे माहीत असून तू हे सांगितलंस, म्हणजे माझ्यावर सूड उगवलास. आणि ती रोज समोर जेवायला बसते. परवा मी घास गिळताना ठसकले तर म्हणाली, “आत्या, काय लपवतेस?” मी म्हटलं, “मिरची.” भाजीत मिरची नव्हती.

नाही सांगितलं. पण तिनं मला जे सांगितलं ते मात्र तुला सांगणार आहे.

मी तिला विचारलं, एका कडव्यासाठी आईशी कुणी वर्षभर बोलायचं थांबतं का? तर म्हणाली, कडव्याचं नाही. बाबा गेले त्या आठवड्यात आई कामावर गेली आणि ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ रेकॉर्ड करून आली. आम्ही कार्यक्रमाला कुठेही गेलो, कुठल्याही स्टँडवर उतरलो की आधी ती ओळ कानावर पडते. “तू ऐकलीस ना आत्या? एक तरी ओरखडा आहे का त्या आवाजात? मला वाटायचं, तिला होत नसेल काही, नसतं एकेकाला. पण मला झालं तेही तिनं पुसून टाकलं.”

मीही ती ओळ ऐकली आहे. दादाला पोचवून मी बसनं परत आले, त्यानंतर काही महिन्यांनी पहिल्यांदा तुझ्याकडे यायला निघाले, तेव्हा स्टँडवर तीच लागली होती. खरं सांगू? मला तुझा राग आला होता. मी तेव्हा बोलले नाही.

आता कामाचं. ५ एप्रिलला, रविवारी दुपारी, त्यांचा इथला शेवटचा कार्यक्रम आहे. दुपारी अशासाठी की संध्याकाळी शेजारी पोलिसांना बोलावतात. रसिकता वाढतेय. त्यानंतर हे सगळे टेम्पोत बसून लांबच्या दौऱ्यावर निघणार, आणि परत यायचं अजून ठरलेलं नाही. खोली सोडली आहे, सामान माझ्याकडे आणून टाकलंय. ती तुला बोलावणार नाही. मी बोलावते आहे. परवाच्या कार्यक्रमातही तुटली. ये आणि तुझ्या कानांनी ऐक.

तुझी नणंद


२७ मार्च

वन्सं,

येते. गैरसमज नको, गळ्याची तपासणी करायला येते. खुर्ची लागेल, बादली चालणार नाही. माझ्याबद्दल तिला आधी सांगायचं नाही. कार्यक्रमात माझ्याकडे बघून डोळे पुसायचे नाहीत. आणि रात्री तुमच्याकडे राहणार नाही, तुमचा पंखा आवाज करतो.

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

पोचल्याचं कळवलं नाहीस. रागावली आहेस, आणि का ते मला माहीत आहे, तेव्हा मीच आधी शरण येते. पण शिव्या घालायच्या आधी एवढं तरी सांग, टेम्पोत काय झालं? मी बाहेर फुटपाथवर ड्रमच्या पेट्या राखत उभी होते. पोरीनं आतून दार ओढून घेतलं. तुम्ही दोघी आत इतका वेळ बसलात की त्या दाढीवाल्यानं मलाच दोनदा विचारलं, “आतमध्ये सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, “त्या घरात ठीक कधीच नसतं, पण माणसं जिवंत असतात.”

मग तू उतरलीस, माझ्याकडे न बघता स्टँडकडे चालू लागलीस. पोरगीही काही सांगत नाही. जाताना मला मिठी मारून गेली, एवढंच. ती मिठी कशाची होती हे कळेपर्यंत मला झोप नाही.

तुझी नणंद


१४ एप्रिल

वन्सं,

तुमच्या दुकानात चष्मे मिळतात हे माहीत होतं. थापा कधीपासून ठेवायला लागलात?

‘हात गिटारवर तसाच राहिला, सगळं तळघर गप्प.’ वा! इतकी वर्षं काचा पुसण्यात उगाच घालवलीत, मालिका लिहायला हव्या होत्या. आणि कार्यक्रमात खांबामागे जाऊन उभ्या राहिलात. वन्सं, तुमचा देह आणि तो खांब यांचा मेळ बसत नाही. दोन्ही बाजूंनी दिसत होता.

कार्यक्रमाबद्दल. जागा म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान, आणि त्यात बसायला एकही खुर्ची नाही, हा विनोद तिथे कुणालाच कळलेला दिसला नाही. मी आवाजाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. तिथला मुलगा सगळी बटणं वर सरकवून मोकळा झाला होता. त्याला म्हटलं, ड्रम खाली घे, तिचा आवाज बुडतोय. तो म्हणाला, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “फलाट क्रमांक चार.” माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग गुपचूप बटण खाली घेतलं. त्यानंतर शब्द कळायला लागले. लोकांना ते आवडलं की नाही माहीत नाही, त्यांना सवय नव्हती.

शिळेचं गाणं आलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मी टेबलाची कड धरून उभी. तिसरं सुरू झालं आणि संपलं. वन्सं, स्वच्छ! श्वास जागच्या जागी, ओळ सरळ, वरचा सूर कुठेही न हलता. शेवटच्या ओळीला तर ड्रमवाल्या मुलीकडे बघून हसली. आम्ही असं काही आलं की काचेपलीकडून अंगठा दाखवायचो. जन्मभर हेच मागितलं मी, आणि ते समोर मिळत होतं, आणि मी वाट बघत उभी होते की आता फाटेल, आता फाटेल. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझा चष्मा ओला झाला. घसरत नाही म्हणता ना तुम्ही? त्या दिवशी घसरला.

नंतर ती टेम्पोत वायरी गुंडाळत होती. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आश्चर्य वगैरे काही नाही. म्हणाली, “ड्रम खाली गेला तेव्हाच कळलं, तू आलीस. चढ वर.” मी चढले. एका स्पीकरवर बसले, ती दुसऱ्या.

“कसं झालं?” तिनं विचारलं.

“स्वच्छ.”

“हो. आता स्वच्छच होतं. इतक्यांदा म्हटलंय. बाबांचं गाणं म्हणताना मी पुढच्या गाण्याला कुठली तार उतरवायची ते आठवत असते, आई. एकदाच तुटले होते मी. आता ठरवलं तरी होत नाही. आणि ते एकदाचं तू पुसलंस.”

मी पर्समधून प्लेअर काढला. तुम्ही सांगितलं नव्हतंत, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तेवढ्यापुरत्या तुमच्या थापा माफ. एकच हेडफोन होता, एक कान तिला, एक मला. तिनं ऐकलं. रडली नाही. लहानपणी हे दाढी करायला लागले की ती समोर स्टुलावर बसून तोंड उघडं टाकून बघायची, तशी बसली होती. संपल्यावर प्लेअर स्वतःच्या खिशात टाकला. मी ‘दे’ म्हटलं नाही.

मग म्हणाली, “लोकांनी ऐकू नये म्हणून काढलंस, ते कळलं. पण मग ठेवलंस कशाला? तू तर बाबा गेले त्या आठवड्यात एका दमात...”

एका दमात! वन्सं, तुम्हीही तेच समजत होतात ना? स्टँडवर उभं राहून माझ्यावर रागावलात. तुम्ही दोघीही आयुष्यभर रेकॉर्डिंग ऐकता आणि ते कसं होतं हे एकीलाही माहीत नाही. त्या दिवशी मी सकाळी माइकपुढे बसले. ‘आपला’ म्हटलं की पुढचा शब्द फाटायचा. पुन्हा. ‘आपला प्रवास’, पुन्हा. रेकॉर्डिस्टनं रेकॉर्डिंगचा दिवा बंद केला, बाहेर फेरी मारून आला, परत दिवा लावला, पुन्हा तेच. एकदा तर मी ते वाक्य अर्ध्यात सोडून ह्यांना काहीबाही बोलले, माइक चालू असताना. दुपार झाली. शेवटी माझ्यातलं सगळं संपलं आणि एक कोरडा टेक आला. तो त्यांनी घेतला. तोच तुम्ही ऐकता. बाकीचे सगळे माझ्यासमोर पुसले, पद्धतच होती तशी. मी ह्यांच्यासाठी रडलेलं कुणी ठेवलं नाही. मलाही मागायचं सुचलं नाही. म्हणून तिचं ठेवलं.

हे मी तिला सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं वायरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “आता म्हण.”

मी म्हटलं, वेडी आहेस का? टेम्पोत?

“म्हण ना. मी ऐकते.”

पाठ ताठ केली, श्वास घेतला. हे काम मी झोपेतही करते. ‘आपला प्रवास’ इथपर्यंत आलं. पुढचं आलं नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. मग मला काही आवरेना, आणि पोरगी समोर बसून ऐकत राहिली. पुन्हा घे, असं ती एकदाही म्हणाली नाही.

वहिनी